जॉन मॅकी : दहा हंगाम आणि एक खटला

अमेरिकन फुटबॉलमधल्या व्यावसायिक खेळाडूची कारकीर्द सरासरी किती वर्षांची असते, यावर अमेरिकेतच एकमत नाही. खेळाडूंची संघटना तीन वर्षांहून थोडा अधिक आकडा सांगते. नॅशनल फुटबॉल लीगला हा हिशेब मान्य नाही. हंगामाच्या पहिल्या सामन्याच्या दिवशी संघात टिकून असलेले नवखे खेळाडूच धरले, तर सरासरी सहा वर्षांच्या घरात जाते, असं लीगचं म्हणणं. मोठा आकडा खरा धरला तरी बाविसाव्या-तेविसाव्या वर्षी सुरू झालेला पेशा तिशीच्या आतबाहेर संपतो. पुढे चाळीस-पन्नास वर्षांचं आयुष्य उरतं, आणि ते त्याच गुडघ्यांवर, त्याच मणक्यांवर आणि त्याच मेंदूवर काढायचं असतं. म्हणून या पेशाकडे पाहताना दोन प्रश्न विचारावे लागतात. इतक्या थोड्या काळात खेळाडूच्या कामाची किंमत कोण ठरवतं? आणि त्या कामात शरीराची जी झीज होते, तिचा खर्च कोणाच्या पदरात पडतो? हे दोन प्रश्न वेगळे समजले जातात. एकाला कराराचा प्रश्न म्हणतात, दुसऱ्याला आरोग्याचा. ते मुळात एकच आहेत, असं या प्रकरणाचं प्रतिपादन आहे. ज्याला आपल्या कामाचा भाव ठरवता येत नाही, त्याला त्या कामातला धोकाही भावात धरता येत नाही. जॉन मॅकी या खेळाडूच्या आयुष्यात हे दोन्ही प्रश्न इतक्या स्पष्टपणे एकत्र आले, की त्याच्याखेरीज दुसरं उदाहरण घेण्याची गरज वाटत नाही.

मॅकीचा जन्म १९४१चा. न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर तो वाढला. वडील बॅप्टिस्ट धर्मोपदेशक होते. सिरॅक्यूज विद्यापीठात त्याच्या खोलीत राहणारा सोबती होता एर्नी डेव्हिस. महाविद्यालयीन फुटबॉलमधला सर्वोच्च मान असलेली हाइझमन ट्रॉफी १९६१ साली मिळवणारा हा पहिला कृष्णवर्णीय खेळाडू. पुढच्या वर्षीच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे महाविद्यालयातून बाहेर पडणारे खेळाडू संघांनी पाळीपाळीने निवडण्याच्या पद्धतीत, डेव्हिसचं नाव सर्वांत आधी पुकारलं गेलं. व्यावसायिक लीगमध्ये मात्र तो एकही सामना खेळू शकला नाही. १९६३च्या मे महिन्यात रक्ताच्या कर्करोगाने तो गेला. त्याच वर्षीच्या ड्राफ्टमध्ये बाल्टिमोर कोल्ट्स संघाने मॅकीला दुसऱ्या फेरीत निवडलं. त्याची जागा होती टाइट एंड. या खेळात चेंडू हातात घेऊन पळतात, चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं असतं, आणि प्रत्येक चाल दोन रांगांच्या आदळण्याने सुरू होते. टाइट एंड रांगेच्या टोकाला उभा राहतो. कधी त्याला समोरच्या दांडगट खेळाडूला अंगाने रोखून धरावं लागतं, तर कधी रांगेतून निसटून पुढे पळत क्वार्टरबॅकने, म्हणजे चाल चालवणाऱ्या खेळाडूने, फेकलेला चेंडू झेलावा लागतो. मॅकीच्या आधी या जागेवरचा खेळाडू मुख्यतः अडवण्याच्या कामाचा मानला जाई. शंभर किलोंवर वजनाचा माणूस झेल घेऊन अर्धं मैदान पळत जाऊ शकतो, आणि अंगावर येणाऱ्यांना चुकवण्याऐवजी सरळ त्यांच्यातून जाऊ शकतो, हे मॅकीने दाखवलं. १९६६च्या हंगामात त्याने नऊ टचडाऊन केले, म्हणजे नऊदा चेंडू गोलरेषेपार नेला. त्यांतले सहा ५० यार्डांहून लांबचे होते. दहा हंगामांत तो फक्त एका सामन्याला मुकला.

त्याच्या कारकिर्दीतला सर्वांत गाजलेला क्षण १७ जानेवारी १९७१चा, पाचव्या सुपर बोलमधला, म्हणजे अजिंक्यपदाच्या सामन्यातला. कोल्ट्सचा क्वार्टरबॅक जॉनी युनायटस याने एडी हिंटनकडे चेंडू फेकला. तो हिंटनच्या हाताला लागून उडाला, डॅलस काउबॉइजच्या मेल रेनफ्रोच्या बोटांना निसटता स्पर्शून पुढे गेला आणि मॅकीच्या हातात पडला. मॅकी तो घेऊन थेट गोलरेषेपार गेला. एकूण ७५ यार्ड. एकाच संघाच्या दोन खेळाडूंचे हात चेंडूला लागोपाठ लागले तर झेल बाद, असा त्या वेळचा नियम होता. त्यामुळे रेनफ्रोचा स्पर्श झाला की नाही यावर वाद पेटला. पंचांनी झेल ग्राह्य धरला आणि कोल्ट्सने सामना १६-१३ असा जिंकला. दूरचित्रवाणीवर हा झेल अनेकदा दाखवला गेला. पण तोच मॅकी त्या काळात दुसऱ्या एका आघाडीवर उभा होता, आणि तिथलं त्याचं काम या झेलाहून फार मोठं ठरलं.

ती आघाडी समजून घ्यायची तर त्या वेळचा खेळाडू कशाकशाने बांधला गेला होता हे पाहायला हवं. पहिलं बंधन ड्राफ्टचं. कोणत्या शहरात, कोणत्या मालकाकडे काम करायचं हे खेळाडू ठरवत नसे. निवड करणाऱ्या संघाशी करार करायचा, नाहीतर घरी बसायचं. दुसरं बंधन करारातल्या एका कलमाचं. मुदत संपली तरी संघ खेळाडूला आणखी एक वर्ष ठेवून घेऊ शकत असे, तेही आधीच्या पगाराच्या ९० टक्क्यांवर. ते वर्ष काढलं की कागदोपत्री तो मोकळा. इथे तिसरं बंधन येई, आणि तेच सर्वांत घट्ट होतं. १९६३ साली आयुक्त पीट रोझेल याच्या काळात लीगने नियम केला, की मोकळ्या झालेल्या खेळाडूला नव्या संघाने घेतलं तर जुन्या संघाला भरपाई द्यायची. दोन संघांत एकमत झालं नाही तर भरपाई काय ते आयुक्त ठरवील, आणि त्याचा शब्द अखेरचा. ही भरपाई किती जबर असू शकते हे डेव्ह पार्क्सच्या वेळी दिसलं. पार्क्स सॅन फ्रान्सिस्कोहून न्यू ऑर्लिन्सला गेला, तेव्हा रोझेलने न्यू ऑर्लिन्सकडून त्या वर्षीचा पहिल्या फेरीतला खेळाडू आणि पुढच्या वर्षीची पहिल्या फेरीतली निवड, असं दोन्ही काढून घेतलं. एका झेल घेणाऱ्या खेळाडूपायी दोन वर्षांचं भवितव्य गहाण पडतं म्हटल्यावर बाकीच्या संघांनी धडा घेतला. पुढे या नियमावर झालेल्या खटल्यात न्यायालयापुढे आलेली आकडेवारी अशी : १९६३ ते १९७४ या बारा वर्षांत १७६ खेळाडू ते जादा वर्ष काढून मोकळे झाले, आणि दुसऱ्या संघाशी करार झाला तो त्यांतल्या केवळ ३४ जणांचा. नियमात कुठेही बंदी नव्हती. दुसऱ्या मालकाला भीती पडेल एवढी अनिश्चितता मात्र त्यात ठासून भरलेली होती.

गिऱ्हाईक एकच उरलं की कामाचा भाव कसा पडतो, याचा पुरावा त्याच दशकात समोर होता. १९६०पासून जुन्या नॅशनल फुटबॉल लीगला अमेरिकन फुटबॉल लीग ही प्रतिस्पर्धी उभी राहिली होती आणि दोन्ही लीग एकाच तरुण खेळाडूवर बोली लावू लागल्या होत्या. याच चढाओढीत १९६५ साली न्यूयॉर्क जेट्सने जो नेमथ या नवख्या क्वार्टरबॅकशी ४,२७,००० डॉलरचा करार केला. त्या काळी ही रक्कम डोळे विस्फारायला लावणारी होती. पुढच्याच वर्षी दोन्ही लीगनी एकत्र येण्याचं ठरवलं, आणि १९७०मध्ये विलीनीकरण पूर्ण झालं. मालकांच्या डोक्यावरचा बोलीचा खर्च गेला. खेळाडूच्या हातातला पर्यायही गेला. विलीनीकरणाबरोबर दोन्हीकडच्या खेळाडू संघटनाही एक झाल्या, आणि एकत्रित संघटनेचा पहिला अध्यक्ष म्हणून मॅकी निवडून आला. त्याच उन्हाळ्यात टाळेबंदी आणि संप दोन्ही झाले. तडजोडीत निवृत्तिवेतनात वाढ, किमान पगार आणि वाटाघाटीसाठी स्वतःचा प्रतिनिधी नेमण्याचा हक्क या गोष्टी पदरात पडल्या. तिसरं बंधन मात्र जागच्या जागी राहिलं. म्हणून १९७२ साली मॅकी आणि आणखी काही खेळाडू लीगविरुद्ध न्यायालयात गेले. बेसबॉलपटू कर्ट फ्लड अशाच लढ्यात याच वर्षी सर्वोच्च न्यायालयात हरला होता, कारण मक्तेदारीविरोधी कायद्यातून बेसबॉलला जुनी सूट होती. फुटबॉलला तशी सूट नाही हे सर्वोच्च न्यायालयाने १९५७मध्येच सांगून ठेवलं होतं. या एका फटीतून मॅकीचा खटला आत शिरला. मिनियापोलिसमध्ये न्यायाधीश अर्ल लार्सन यांच्यापुढे १९७५ साली पन्नासहून अधिक दिवस सुनावणी चालली. निकाल खेळाडूंच्या बाजूने लागला, आणि १९७६मध्ये अपील न्यायालयानेही रोझेलचा नियम बेकायदा ठरवला. मॅकी तोवर खेळातून बाहेर पडला होता. १९७२चा शेवटचा हंगाम त्याने सॅन दिएगो चार्जर्सकडून काढला होता. खटल्यातला विजय त्याला स्वतःला नवा करार मिळवून देणार नव्हता.

मालकांचा बचाव पोकळ नव्हता, म्हणून तो नीट मांडायला हवा. त्यांचं म्हणणं असं : खेळाचा धंदा इतर धंद्यांसारखा नाही. दुकानदाराला शेजारचं दुकान बंद पडलेलं चालतं. फुटबॉल संघाला प्रतिस्पर्धी संघ जिवंत आणि तुल्यबळ लागतो. खेळाडूंना मोकळीक दिली तर ते न्यूयॉर्क-लॉस एंजेलिससारख्या बड्या शहरांकडे धाव घेतील, छोट्या शहरांचे संघ लंगडे होतील आणि सामन्यातली चुरस संपली की प्रेक्षकही जातील. या युक्तिवादातला पहिला भाग खरा आहे, आणि अपील न्यायालयाने तो पूर्णपणे झिडकारला नाही. खेळाडूंच्या हालचालीवरचं प्रत्येक बंधन आपोआप बेकायदा ठरत नाही, ते वाजवी आहे का हे तपासावं लागतं, अशी त्याची भूमिका होती. पण हा नियम वाजवीपणाच्या कसोटीला उतरला नाही. तो अव्वल खेळाडूला लागू होता तसाच राखीव बाकावरच्यालाही. त्याला मुदत नव्हती. आणि खेळाडूला दाद मागण्याची वाट नव्हती. चुरस टिकवण्यासाठी इतक्या सरसकट बंधनाची गरज होती हे लीगला पटवून देता आलं नाही. युक्तिवादाचा दुसरा भाग, म्हणजे छोट्या शहरांबद्दलचं भाकीत, पुढच्या इतिहासाने तपासला. १९९३मध्ये खेळाडूंना खरी मोकळीक मिळाली, तेव्हा त्या पहिल्या वर्षी सर्वांत मोठं नाव होतं बचावफळीतला रेजी व्हाइट. त्याने निवडला तो ग्रीन बे पॅकर्स हा संघ. विस्कॉन्सिनमधलं ग्रीन बे हे लीगमधलं सर्वांत लहान शहर, वस्ती लाखाच्या आसपास. चौथ्या हंगामाअखेर, जानेवारी १९९७मध्ये, या संघाने सुपर बोल जिंकला. मोकळिकीबरोबर संघांच्या एकूण पगारखर्चावर कमाल मर्यादाही आली होती, आणि समतोल राखण्यात तिचा वाटा मोठा आहे, हे खरं. पण मर्यादा वाटाघाटीतून आली. तिच्या बदल्यात खेळाडूंना उत्पन्नातला ठरावीक हिस्सा मिळाला. १९९४मध्ये ही मर्यादा प्रत्येक संघाला ३ कोटी ४६ लाख डॉलर होती, २०२४मध्ये ती २५ कोटी ५४ लाख झाली. मोकळिकीने लीग बुडाली नाही. ती मालकांच्या तेव्हाच्या कल्पनेपलीकडे श्रीमंत झाली.

मॅकीचा खटला जिंकूनही फुकट गेला, असंही म्हटलं जातं, आणि या आक्षेपात तथ्य आहे. १९७७च्या सामूहिक करारात संघटनेने आपल्या अस्तित्वाची हमी आणि पैशांची तजवीज यांच्या बदल्यात भरपाईचा नियम नव्या रूपात मान्य केला. खेळाडू पुन्हा जागीच खिळले. १९८२चा ५७ दिवसांचा संप झाला. १९८७च्या संपात मालकांनी बदली खेळाडू उभे करून सामने रेटले आणि संप मोडला. शेवटी १९९२च्या खटल्यात ज्युरीने लीगविरुद्ध कौल दिला, तेव्हा मालक तडजोडीला तयार झाले. म्हणजे निकाल आणि प्रत्यक्ष मोकळीक यांत सतरा वर्षांचं अंतर पडलं. तरीही खटला फुकट गेला हा निष्कर्ष मला मान्य नाही. १९७६मध्ये न्यायालयाने ठरवलं, की खेळाडूंवरचं बंधन खऱ्याखुऱ्या वाटाघाटीतून आलं असेल तरच त्याला कामगार कायद्याचं कवच मिळतं. मालकांनी एकतर्फी लादलेल्या नियमाला ते मिळत नाही. मालकांना समोर बसवून बोलायला लावणारी ताकद खेळाडूंच्या हातात आली ती या तत्त्वाने. १९७७मध्ये संघटनेने ती स्वस्तात विकली, ही तिची चूक. ताकदच नव्हती असा त्याचा अर्थ होत नाही.

मॅकीला स्वतःला या लढ्याची किंमत द्यावी लागली असावी. दहा हंगामांत ३३१ झेल, ५,२३६ यार्ड, ३८ टचडाऊन अशी कामगिरी असूनही हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे खेळातल्या थोरांच्या मानाच्या यादीत, त्याची निवड व्हायला १९९२ उजाडलं. नेहमीच्या मतदानात त्याचं नाव येऊ शकेल असं ते शेवटचं वर्ष होतं. संघटनेच्या कामामुळे त्याला डावललं गेलं असं त्याच्या अनेक समकालीनांचं मत आहे. ते सिद्ध करता येणार नाही, पण त्याच जागेवर खेळणाऱ्या माइक डिटकाला चार वर्षं आधी मान मिळाला होता, ही नोंद बोलकी आहे. निवड झाल्यावर मॅकीने मानाची अंगठी बाल्टिमोरमध्येच घेतली. कोल्ट्सच्या मालकाने १९८४मध्ये संघ रातोरात इंडियानापोलिसला हलवला होता, आणि तिथे जाऊन ती घ्यायला त्याची तयारी नव्हती.

यानंतरचा भाग सांगायला जड आहे. पन्नाशी उलटली तशी मॅकीची स्मृती आणि विवेकशक्ती ढासळू लागली. निदान झालं फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शियाचं. या आजारात मेंदूचा पुढचा आणि बाजूचा भाग झिजतो, स्वभाव बदलतो, ओळखीची माणसं दुरावतात. निवृत्तिवेतन तुटपुंजं होतं. आरोग्य विमा मिळावा म्हणून त्याची पत्नी सिल्विया पन्नाशीनंतर हवाई सेविका म्हणून नोकरीला लागली. २००६मध्ये तिने तेव्हाचे आयुक्त पॉल टॅग्लिआबू यांना पत्र लिहून या आजारात घर कसं उद्ध्वस्त होतं हे कळवलं. त्यातून पुढच्या वर्षी लीग आणि संघटनेने मिळून एक योजना आणली : स्मृतिभ्रंश झालेल्या माजी खेळाडूच्या शुश्रूषागृहातल्या देखभालीसाठी वर्षाला ८८,००० डॉलरपर्यंत, घरी देखभाल असेल तर ५०,०००पर्यंत. मॅकीच्या जर्सीचा क्रमांक ८८ होता, त्यावरून तिला ‘८८ प्लॅन’ हे नाव पडलं. आजार खेळामुळेच झाला हे सिद्ध करण्याची अट तिच्यात नव्हती. याचा अर्थ दोन्ही बाजूंनी घ्यावा लागतो. कुटुंबांना पुराव्यांच्या चक्रातून सुटका मिळाली, ही चांगली गोष्ट. पण अट नसल्यामुळे लीगलाही जबाबदारी मान्य न करता पैसे देता आले.

इथे सर्वांत जोरदार आक्षेप येतो : खेळाडूंनी हा पेशा आपखुशीने पत्करला, त्याचे पैसे घेतले, धोका उघड होता. गुडघ्याबद्दल हे मान्य करता येईल. मेंदूबद्दल नाही. डोक्यावर वारंवार आघात झालेल्या बॉक्सरांचा मेंदू बिघडतो हे हॅरिसन मार्टलंड या अमेरिकी डॉक्टरने १९२८मध्येच लिहिलं होतं, पण फुटबॉलशी त्याचा संबंध कोणी गंभीरपणे तपासला नाही. २००२मध्ये पिट्सबर्ग स्टीलर्सचा जुना खेळाडू माइक वेबस्टर पन्नासाव्या वर्षी गेला. बेनेट ओमालू या शवविच्छेदकाला त्याच्या मेंदूत टाऊ नावाच्या प्रथिनाच्या गुठळ्या आढळल्या, आणि २००५मध्ये ते निरीक्षण प्रसिद्ध झालं. लीगने १९९४पासून डोक्याच्या दुखापतींसाठी स्वतःची समिती नेमली होती. तिचा अध्यक्ष संधिवाताचा तज्ज्ञ होता, आणि समितीचे निबंध वर्षानुवर्षं धोका किरकोळ असल्याचं सांगत राहिले. फुटबॉलचा मेंदूच्या या आघातजन्य विकाराशी संबंध आहे हे लीगच्या वरिष्ठ अधिकाऱ्याने जाहीरपणे मान्य केलं ते २०१६मध्ये. धोक्याची माहिती ज्याच्याकडे असायला हवी होती त्याने ती नाकारली, तर कामगाराच्या संमतीला काय अर्थ उरतो? आणि माहिती असती तरी १९६०च्या दशकातल्या खेळाडूला ती पगारात मागता आली नसती, कारण जास्त देणारा दुसरा मालक गाठण्याची वाट रोझेलच्या नियमाने अडवली होती.

विज्ञानाच्या बाजूनेही एक सावधगिरी बाळगायला हवी. बोस्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७मध्ये या लीगमध्ये खेळलेल्या १११ जणांचे मेंदू तपासले. ११० जणांत हा विकार सापडला. हा आकडा धक्कादायक आहे, पण सर्व खेळाडूंपैकी ९९ टक्क्यांना हा विकार होतो असा त्याचा अर्थ नाही. लक्षणं दिसलेल्या माणसांची कुटुंबंच मेंदूदानाला अधिक पुढे येतात, हे संशोधकांनी स्वतःच नमूद केलं आहे. शिवाय मॅकीला ज्या डिमेन्शियाचं निदान झालं तो कधीही फुटबॉल न खेळलेल्यांनाही होतो. त्याच्या मृत्यूनंतर मेंदू बोस्टनला दिला गेला आणि त्यातही आघातजन्य विकार आढळला. तरी त्याच्या आजारात खेळाचा वाटा नेमका किती, हे मापून सांगता येत नाही. माझ्या मुद्द्याला त्याची गरजही नाही. खाणीतून फुप्फुस खराब होऊन निघालेल्या प्रत्येक माणसाच्या बाबतीत धुळीचा वाटा किती आणि विडीचा किती याचा तोळामासा हिशेब लागेपर्यंत कोणी भरपाई थांबवू नये, असंच आपण म्हणू. पेशात धोका वाढतो एवढं ठरलं, की देखभालीचा खर्च त्या पेशाच्या उत्पन्नातून व्हायला हवा. तो पगाराचाच मागे राहिलेला भाग आहे; दानधर्माच्या खात्यात तो टाकता येत नाही.

मॅकी ६ जुलै २०११ रोजी बाल्टिमोरमध्ये वारला, वय ६९. त्या दिवशी लीगमध्ये पुन्हा टाळेबंदी चालू होती, आणि मालक व खेळाडू नव्या कराराच्या वाटाघाटी करत होते. त्याच महिन्याअखेर तडजोड झाली. तिच्यात १९९३पूर्वी खेळलेल्यांचं, म्हणजे मोकळीक मिळण्याआधीच्या पिढीचं निवृत्तिवेतन वाढवण्यासाठी ६२ कोटी डॉलरचा निधी ठेवण्यात आला. पैसे मिळाले, उशिरा मिळाले आणि ज्यांनी लढा दिला त्यांतल्या अनेकांच्या हयातीनंतर मिळाले. आजही बहुतेक खेळाडूंच्या कराराची पूर्ण रक्कम हमीची नसते. संघ त्यांना मध्येच काढून टाकू शकतो. निवृत्तिवेतनाला पात्र होण्यासाठी तीन हंगाम भरावे लागतात, आणि संघटनेचा सरासरीचा आकडा खरा असेल तर असंख्य खेळाडू त्या उंबरठ्याच्या अलीकडेच गळतात.